झेरॉक्सचे दुकान आणि विद्येचा हक्क

मंडळी, लेखकाचा पुस्तकावर हक्क कुठवर, हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना प्रश्न. लॉकचे म्हणणे, ज्याचे श्रम त्याची वस्तू. पण इंग्लंडच्या १७१० सालच्या कॉपीराइट कायद्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू सांगितलाय. म्हणजे साध्य विद्या. हक्क हे साधन.

आपल्याकडे याचा कस लागला २०१२ साली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचे झेरॉक्सचे दुकान. अभ्यासक्रमातली प्रकरणे ग्रंथालयाच्या पुस्तकांतून काढून, बांधून तिथे मिळत. पानाला चाळीस पैसे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर नि विद्यापीठावर दावा लावला.

सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट निसर्गदत्त नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे, ही त्यांची भूमिका. डिसेंबरात खंडपीठाने १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ उलगडले. शिकवण्याच्या ओघात प्रत काढता येते. पाने किती हे मोजायचे नाही, शिकवायला ती लागतात का, ते पाहायचे. तेवढे तपासायला दावा परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला.

मग जिंकलो म्हणून उठायचे का? नाही. 'लागतात का?' याचे उत्तर आता आपण शिक्षकांनी द्यायचे आहे. वर्गात ज्याची चर्चाच होत नाही ते प्रकरण यादीत घातले, तर त्या प्रतीचे समर्थन आपण कशाच्या बळावर करणार?