चरबीमागचे माप

१८५७ म्हटले की चरबीची काडतुसे आठवतात. पण मुळात चरबी लागली कशाला, हे सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर बंदुकीच्या नळीच्या मापात आहे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ठासणीचीच. परंतु तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. गोळी त्यांत घट्ट बसली तरच गिरकी घेत नेमकी जाई. पण घट्ट गोळी ठासायची कशी? फ्रान्सच्या मिनिएने १८४९ मध्ये तोड काढली होती : बुडाशी पोकळ अशी मऊ शिशाची गोळी, ठासताना सैल, बार उडताच फुगणारी. एन्फील्डच्या ०.५७७ इंची नळीसाठी ती ०.५६८ इंचाची ठरली. उरलेली फट काडतुसाचा कागद भरी. दारूच्या काजळीने माखलेल्या नळीतून तो सरकावा म्हणून त्याला चरबी! आणि काडतूस तोडायचे दातांनी. चरबी गाईची की डुकराची? धर्म बुडणार, या भीतीने शिपाई खवळले. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले.

असंतोषाची कारणे अनेक होती, हे खरेच. पुढच्या दोन-तीन वर्षांत गोळीही ०.५५ इंचांवर आणली गेली. ठासणे सोपे झाले. इंचाचे हजारावे भाग मोजणाऱ्यांनी बंदूक धरणाऱ्याचे मन मात्र मोजले नव्हते.