ताराबाईंचा सवाल

सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती कमी झाली. कांहीं वृत्तपत्रांनीं मात्र समस्त स्त्रीजातीवर ठपका ठेवला. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. पत्नी निवर्ततांच पुरुषानें पुन्हा बोहल्यावर चढावें आणि विधवेनें कोपऱ्यांत जन्म कंठावा, हा न्याय कोणता, असा त्यांचा रोकडा सवाल होता. उत्तर कोणीं दिलें? उलट सुधारकांतूनच नाकें मुरडलीं गेलीं, आणि तींहि सत्यशोधकांच्या गोटांत! मला हेंच अधिक बोंचतें. जोतीराव फुले यांनीं तेवढी १८८५ सालीं ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक उपलब्ध नाहीं. हें एकुलतें एक १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हा उजेडांत आणलें.