श्रेणीचा रकाना शेवटी

जुन्या पेठेत इमारतींची पाहणी करायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न दारातच येतो. "तुम्ही बिल्डरचे का कॉर्पोरेशनचे?" पुण्याच्या कसबा पेठेत एका आजींनी दिंडी अर्धीच उघडून मला तो विचारला, तेव्हा माझ्या एका हातात टेप होती, दुसऱ्या हातात छापील फॉर्मचा गठ्ठा आणि तोंडात 'वारसा' हा शब्द. तिन्हींचा काही उपयोग झाला नाही. "दोघांचाही नाही, आम्ही नुसतं लिहून घेतो," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "लिहून घेणारेच मग पाडायला येतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. 1897च्या प्लेगात रोगी हुडकायला सोजीर पुण्याच्या पेठांतून थेट माजघरापर्यंत शिरले होते. परक्याने आत येऊन नोंद करणे या शहराला नवे नाही, आणि त्याची आठवण गोडही नाही.

हे छोटे पुस्तक त्या अर्ध्या उघड्या दारातून आत जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. वास्तुरचनेचे विद्यार्थी ते वाचतीलच. इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, डिप्लोमा करून साइटवर लागलेल्या मुलांनी, पेठेतल्या निवृत्त पोस्टमननेही वाचावे. पोस्टमनने तर वाचावेच. कुठल्या वाड्याला मागच्या बोळातून दुसरा जिना आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

या विषयाची पाळेमुळे आपल्याकडे बरीच खोल आहेत. आराखड्याच्या आधी पाहणी, असा आग्रह धरणारे पॅट्रिक गेडिस 1914 साली भारतात आले आणि 1919मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढणे त्यांना मान्य नव्हते. जेवढे अगदी दुखते आहे तेवढेच कापा, असे ते सांगत. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग 1945 आणि 1952 साली छापून आले. भिंती-खांब हा तिचा विषय नव्हता, माणसे आणि त्यांची कमाई हा होता. वाड्यांची पाहणी करणाऱ्याने ती आधी वाचावी असे मला वाटते, कारण आपली चूक नेमकी उलट होते. आपल्याला खांब दिसतो, त्याला टेकून बसलेला भाडेकरू दिसत नाही.

कायद्याची नजर फार काळ स्मारकावरच होती. 1904चा कायदा झाला, 1958चा झाला. किल्ले, लेणी, देवळे यांची सोय झाली. राहती घरे, चाळी, बाजार यांचा विचार मुंबईच्या 1995च्या वारसा नियमावलीने केला. खाजगी इमारतींनाही श्रेणी मिळू लागली. पुण्यानेही आपली यादी केली. पण स्मारकाचा कायदा आणि वस्ती यांचा सांधा अजून नीट बसलेला नाही. 2010च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई थेट कायद्यात आली. शनिवारवाड्याच्या तटाबाहेर जुन्या घरांत राहणाऱ्यांना विचारा, 'वारसा' म्हटले की त्यांना काय आठवते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. फॉर्मवर 'बांधकामाचे वर्ष' असा एकच रकाना असतो. वाड्याला मात्र एक वर्ष नसते. जोते ताशीव दगडाचे, वर सागवानी खांब, तुळया, कडीपाट. छपरावर मंगलोरी कौले दिसली तर एक उलटून पाहावे, कारखान्याचे नाव उठवलेले असते. मंगलोरला असा पहिला कारखाना 1865 साली निघाला, म्हणजे ती कौले त्याच्या आधीची असणे शक्य नाही. गॅलरीखाली लोखंडी गर्डर असेल तर रंगाच्या थरांवरून बोट फिरवावे. इंग्लंडातल्या मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँग कंपनीचे नाव कधीकधी बोटालाच आधी कळते. पेशवाईतली वीट पातळ, नंतरची जाड. लांबी फुटांत घ्यावीच, पण खणांतही मोजावी, कारण बांधणाऱ्याने ती खणांतच मोजली होती.

'वापर' या रकान्याचेही तसेच. तांबट आळीत खाली ठोके पडत असतात, वर कुकरच्या शिट्या होतात. तांब्याच्या भांड्यावर मठाराचे काम करणाऱ्या माणसाला ऐरण, उजेड आणि आवाज सहन करणारे शेजारी लागतात. हे 'निवासी' की 'व्यावसायिक'? फॉर्म दोन चौकोन देतो. मी दोन्हींवर खूण करतो आणि समासात लिहितो. समास मोठा ठेवा, ही या पुस्तकातली बहुधा सर्वांत उपयोगी सूचना असेल.

आणि श्रेणीचा रकाना शेवटी भरा. हे मी फार ठासून सांगतो, कारण मी तो आधी भरला होता. आजींच्या वाड्याचा दर्शनी भाग रस्त्यावरून पाहिला: खालच्या मजल्याला सिमेंटचा गिलावा, जाड नवी वीट, वर मात्र कोरीव लाकूड. 'मोठे फेरफार, श्रेणी तीन' असे लिहून मोकळा झालो आणि मग दार वाजवले. वरचे जुने नि खालचे नवे, हे उलटे कसे, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

तिसऱ्या खेपेला आजींनी दिंडी पूर्ण उघडली. देवडीतल्या खांबापाशी उभ्या राहून त्यांनी हात उंच केला, तरी तो पोचेना, तेव्हा माझा हात धरून वर नेला. "पानशेतचं पाणी इथवर. 12 जुलै. भिंती पांढऱ्या मातीच्या, विरघळून गेल्या सगळ्या. खांब तेवढे उभे राहिले, आणि वरचा मजला त्यांच्यावर तसाच. ह्यांनी मग खालून विटा भरून घेतल्या." म्हणजे ज्याला मी फेरफार म्हटले होते, ती पानशेत धरण फुटल्यानंतरची, 1961ची डागडुजी होती.

या माहितीसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मी श्रेणी खोडली, टेप लावली आणि समासात पेन्सिलीने लिहिले: देवडीतला डावा खांब, पुराची खूण, जोत्यापासून सात फूट दोन इंच.