वडीलजनांची मंडळी

१८४३ सालच्या मे महिन्यात एडिंबरोत स्कॉटलंडच्या चर्चची वार्षिक महासभा भरली. कामकाज सुरू होण्याआधीच सभेच्या मावळत्या अध्यक्षांनी निषेधाचं एक पत्र वाचून दाखवलं, टेबलावर ठेवलं आणि ते दाराबाहेर चालते झाले. त्यांच्या मागोमाग पाळकांची रांगच निघाली. त्या फुटीत साडेचारशेहून अधिक पाळकांनी आपली देवळं, राहती घरं आणि बांधलेला पगार यांवर पाणी सोडलं. भांडण देव एक की तीन असल्या गहन प्रश्नावरचं नव्हतंच. गावचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने पसंत करायचा, एवढाच तंटा होता. बाहेर पडलेल्यांनी आपल्या संस्थेला ‘फ्री चर्च’ असं नाव दिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या तरुण ब्राह्मणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, तोही मिशनऱ्यांच्या घरी येऊन राहिला होता. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण घरी आलेल्या श्रीपतला पंक्तीत कोण घेणार? त्याने म्लेंच्छांकडचं अन्न खाल्लेलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं म्हणून खटपट केली, तर त्यावरून मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात उभी फूट पडली. बाळशास्त्रींनाही त्याचा मनस्ताप सोसावा लागला.

एडिंबरोतली फूट आणि मुंबईतला श्रीपत यांचा वरवर काही संबंध नाही. पण मराठी मुलखातल्या प्रेसबिटेरियन, म्हणजे या स्कॉटिश चर्चच्या पद्धतीने चालणाऱ्या, मंडळीचा इतिहास या दोन टोकांमध्येच घडला. ‘आमचं आम्ही ठरवू’ हा हट्ट स्कॉटलंडहून आला. जातीने बाहेर काढलेल्या माणसांना नवी पंचायत हवी होती, ती गरज इथली.

मुंबईत स्कॉटिश लोक अर्थात आधीपासून होते. कंपनीच्या नोकरीत आणि व्यापारात त्यांचा भरणा मोठा. १८१३ च्या सनदेने कलकत्त्याला अँग्लिकन बिशप आला, तेव्हा स्कॉटिश मंडळींनीही आपले धर्मोपदेशक मागून घेतले. मुंबईच्या कोटात १८१९ साली सेंट अँड्र्यूजचं देऊळ उभं राहिलं. मागाहून त्याच्या शेजारी अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या बर्फाचं कोठार बांधलं गेलं, त्यामुळे प्रवचन कंटाळवाणं झालं तर मन रमवायला शेजार बरा होता. हे देऊळ मात्र साहेबांचं. मराठी माणसांशी गाठ पडली ती आधी कोकणात. १८२३ च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं बाणकोट-हर्णे भागात उतरली आणि त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. शाळा चालल्या, ख्रिस्ती फारसं कोणी झालं नाही.

१८२९ साली जॉन विल्सन मुंबईत आले, आणि त्यांनी दोनच वर्षांत, १८३१ मध्ये, प्रेसबिटेरियन पद्धतीची पहिली देशी मंडळी स्थापन केली. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी आल्या आल्या मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या. १८३५ साली त्या वारल्या, पण सहा वर्षांत जे पेरलं ते पुढे गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेपर्यंत पोचलं. विल्सनांनी काढलेल्या मुलग्यांच्या शाळेचं पुढे विल्सन कॉलेज झालं. १८३९ मध्ये तिथल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाज खवळला. प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळेचे वर्ग भराभर ओस पडले.

या मंडळीची श्रद्धा काय होती, हे तिच्या देवळात शिरताच कळे. मूर्ती नाही, मेणबत्त्यांची आरास नाही, क्रूसावरचा येशूही नाही. पांढऱ्या भिंती, मधोमध उंच व्यासपीठ, त्यावर बायबल, आणि खाली साधं लाकडी मेज. या मेजाला वेदी म्हणायचं नाही, कारण बळी एकदाच दिला गेला, आता फक्त त्याच्या आठवणीचं भोजन, हा त्यांचा सिद्धांत. १६४० च्या दशकात वेस्टमिन्स्टरला तयार झालेली १०७ प्रश्नोत्तरांची छोटी पोथी स्कॉटिश पोरं तोंडपाठ करत. मराठी ख्रिस्ती घरांतही अशा प्रश्नोत्तरावलीची घोकंपट्टी आली. देव सर्वसत्ताधीश, तारण माणसाच्या पुण्याईने नव्हे तर कृपेने, आणि ती कृपा कोणावर हे देवाने आधीच ठरवलेलं. ‘प्रारब्ध’ ऐकत वाढलेल्या माणसाला यातलं शेवटचं कलम समजायला अवघड गेलं नसावं. अवघड होता तो रविवार. त्या दिवशी काम बंद, बाजार बंद. ज्या गावचा आठवडी बाजार रविवारी भरतो, तिथल्या गरीब कुटुंबाला हा नियम किती जड जात असेल ते सांगायला नको.

मात्र या पंथाला नाव मिळालं ते त्याच्या कारभारावरून; ‘प्रेसबिटर’ म्हणजे वडीलजन. बिशप नाही. मंडळीने निवडलेले वडीलजन आणि पाळक मिळून स्थानिक सभा. अशा अनेक मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून प्रेसबिटरी. तिच्यावर सिनड, सर्वांत वर महासभा. कोणत्याही पायरीवर एकट्या माणसाच्या हाती सत्ता नाही, आणि सभेत पाळकाइतकंच मत वडिलाला, मग तो पेशाने शाळामास्तर असो की सुतार. हे वडील नुसते खुर्चीवर बसणारे नव्हते. प्रभुभोजनाआधी घरोघर जाऊन कोण कसं वागतं ते पाहायचं, दारू पिणाऱ्याला, बायकोला मारणाऱ्याला, मूर्तिपूजेच्या लग्नात जाऊन बसणाऱ्याला सभेपुढे बोलवायचं, समज द्यायची. नाहीच ऐकलं तर भोजनाच्या मेजावरून काही काळ दूर ठेवायचं. स्कॉटलंडमध्ये तर लायक माणसाला शिशाचा छोटा बिल्ला मिळे आणि तो दाखवल्याशिवाय मेजाशी जागा नसे. आजच्या वाचकाला हा जाच वाटेल, आणि काही अंशी तो होताच. पण ज्याला जातीने वाळीत टाकलंय, ज्याच्या घरी न्हावी येत नाही, पाणवठा बंद आहे, मेल्यावर खांदा द्यायला भाऊबंद येणार नाहीत, त्याच्या दारात चौकशीला का होईना, पण चार माणसं येत होती. लग्नाची नावं देवळात तीन रविवार पुकारली जात, आजाऱ्याकडे मंडळीतलं कोणी बसायला जाई, मयताला अख्खी मंडळी जमे.

कायदाही हळूहळू पाठीशी आला. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको सासरी यायला तयार नाही, अशा अडकलेल्या जोडप्यांसाठी १८६६ चा कायदा झाला. ख्रिस्ती विवाहाचा सविस्तर कायदा १८७२ चा. प्रत्येक कायद्यामागे कोणाचं ना कोणाचं मोडलेलं घर होतं.

आणि मेजाशी कोण बसत? ब्राह्मण, पारशी, कासार, मांग, सगळे. पेला एकच, तो हातोहात फिरे. विल्सनांच्या शाळेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेहून आणून ठेवलेली चुमा आणि वेकातानी ही दोन मुलंही होती. १८६५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांमध्ये पुढे हाच चुमा होता. जातिभेद एका पेल्याने संपला नाही. सोयरिकीच्या वेळी जुनी जात हळूच विचारली जायची, हे मराठी ख्रिस्ती लेखकांनीच लिहून ठेवलं आहे. तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत दुसऱ्या कोणत्या पंगतीत ही माणसं एकत्र बसली असती?

पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेचा लौकिक मात्र तिथे ख्रिस्ती न झालेल्या एका विद्यार्थ्यामुळे जास्त राहिला. जोतीराव फुले १८४० च्या दशकात तिथे शिकले. त्यांनी मिशनऱ्यांची शाळा घेतली, मंडळी घेतली नाही. बेळगावचे बाबा पदमनजी यांची वाट नेमकी उलट. मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत शिकताना ते जातिभेद मोडणाऱ्या गुप्त परमहंस सभेत होते. पण परक्या जातीच्या हातचा पाव चोरून खाण्यात सुधारणा भागत नाही असं त्यांना वाटलं असावं. १८५४ मध्ये त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. पुढे ते पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळक झाले. विधवांचं दुःख मांडणारा कादंबरीकार आणि वडीलजनांच्या सभेत तंटे ऐकणारा पाळक, दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

नारायण शेषाद्रींना मुंबई पुरली नाही. १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढच्या दशकात ते निजामाच्या राज्यात जालन्याला गेले आणि तिथे मांग समाजात काम सुरू केलं. बाप्तिस्मा घेतलेल्यांना गावात राहणं अवघड झालं, तेव्हा निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. मधे देऊळ, शाळा, भोवती घरं आणि शेतं. ज्या जातीला गावकुसाबाहेरची जागा, तिच्यासाठी मुळात गावकूसच नसलेलं गाव. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पांढऱ्या पागोट्यातला हा मराठी पाळक बोलायला उभा राहिला तेव्हा अमेरिकन वर्तमानपत्रांना मोठी नवलाई वाटली. १८९१ साली परदेश दौऱ्यात अटलांटिकवरच्या जहाजातच त्यांचा अंत झाला.

आता कारभाराची दुसरी बाजू. कागदावर पाळक आणि वडील बरोबरीचे, गोरा आणि काळा बरोबरीचा. पण शाळेचा खर्च, देवळाची डागडुजी, पाळकाचा पगार हे सगळं एडिंबरोच्या समितीकडून यायचं. जमीनदाराने पाळक लादू नये म्हणून घरदार सोडणाऱ्या फ्री चर्चचीच मिशनरी मंडळी इथे बराच काळ जमीनदाराच्या जागी बसली होती, असं म्हटलं तर कडू लागेल, पण खोटं ठरणार नाही. मंडळ्या लहान, सभासद गरीब, बरेचसे मिशनच्याच नोकरीत. मालकाविरुद्ध सभेत मत द्यायला छाती लागते.

पैसा कोणाचा याने काय फरक पडतो, ते मिझोरामकडे पाहिलं की डोळ्यांत भरतं. तिथे १८९७ पासून वेल्सचे प्रेसबिटेरियन मिशनरी होते. साधारण १९१० पासून तिथल्या बायकांनी दर वेळी भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढायची प्रथा घातली. ‘बुहफाई थाम’ नावाची ही मूठ आजही निघते, तांदूळ विकून निधी उभा राहतो. १९६० च्या दशकाअखेर परदेशी मिशनऱ्यांना मिझो डोंगर सोडावा लागला, तेव्हा तिथल्या चर्चला धक्का बसला, पण तिजोरी आपल्याच चुलीजवळ असल्यामुळे ते कोसळलं नाही. वडीलजनांचं राज्य खऱ्या अर्थाने पाहायचं तर आज आयझॉलला जावं.

मराठी मंडळीने स्वतःचं म्हणून जे उभं केलं, ते गाण्यात. स्कॉटिश फ्री चर्चमध्ये दाविदाची स्तोत्रं वाद्याविना गात. ऑर्गनला परवानगी देण्यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालला आणि ती १८८३ मध्ये मिळाली. इकडे मराठी ख्रिस्त्यांनी पेटी, तबला, टाळ कधीच आपलेसे केले. नगरच्या अमेरिकन मिशनमधले कृष्णराव सांगळे आणि त्यांच्यानंतर रेव्हरंड टिळक यांची पदं पंथाची कुंपणं ओलांडून सगळ्या मंडळ्यांत पोचली. कापणीच्या सणाचंही तसंच. ज्वारीची कणसं, भोपळे, लिंबं, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी देवळात येते. उपासना आटोपली की अंगणात लिलाव. पाच रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो पुन्हा दान करतो आणि त्याच भोपळ्यावर परत बोली लागते. वडीलजनांपैकी ज्याचा आवाज खणखणीत, तो लिलाव पुकारतो.

दक्षिण महाराष्ट्रात प्रेसबिटेरियन आले ते स्कॉटलंडहून नव्हे, अमेरिकेहून. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये त्यांचं मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांचं १८९४ चं मिरजेचं इस्पितळ याच मिशनचं. मिरजेला आज वैद्यकीय गाव म्हणतात, त्याची मुळं तिथे आहेत.

विसाव्या शतकात एकत्र येण्याची लाट आली. १९०४ मध्ये भारतातल्या बऱ्याचशा प्रेसबिटेरियन मंडळ्या एका छत्राखाली आल्या आणि १९२४ मध्ये नगरकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांसारखे इतर गट मिळून संयुक्त चर्च झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांचं मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मलं. त्यात अँग्लिकनही होते, त्यामुळे तडजोड म्हणून बिशप आले. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून शंभर भांडणं केली, त्यांच्या नातवंडांनी बिशपांचं हार घालून स्वागत केलं. मेघालय आणि मिझोरामच्या प्रेसबिटेरियनांनी या विलीनीकरणात यायचं नाकारलं. मुंबई, पुणे, नागपूर, जालना, कोल्हापूर इथल्या मंडळ्या आत गेल्या. स्थानिक समितीच्या निवडणुका मात्र अजून होतात. मतदार यादीत कोणाचं नाव, वर्गणी कोणाची थकली, कोण कोणाच्या पॅनेलमध्ये, यावर महिनाभर खल चालतो. निवडणुकीच्या रविवारी एरवी न दिसणारे सभासदही वेळेवर हजर असतात, आणि पाळकाला प्रवचन आटोपतं घ्यावं लागतं.