हिरवा की तांबडा?

वाचकहो, अंधार पडल्यावर खर्डी स्टेशनच्या फलाटावर उभे राहून कसाऱ्याच्या दिशेने पाहा. दूर सिग्नलचा दिवा दिसतो. तांबडा असेल तर गाडी थांबते, हिरवा असेल तर जाते. यात काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. पण हे रंग ओळखणारा डोळा तपासून घ्यावा, हे माणसाला बरेच उशिरा उमगले.

आपल्या मुलखातून कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग खुला झाला तो १८६१ साली. त्या काळी गाडी हाकणाऱ्याला रंग नीट दिसतात की नाही, हे पाहण्याची सर्रास रीत नव्हती. रंगांधळेपणा मात्र ठाऊक होता. अणूच्या धड्यात भेटणारा जॉन डाल्टन स्वतःच रंगांधळा होता. आपल्याला इतरांसारखे रंग दिसत नाहीत, हे त्याने १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वानांपुढे मांडले. पण ती गोष्ट बराच काळ नवलाईचीच राहिली.

मग १८७५ सालच्या नोव्हेंबरात स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. चुकीचे कारण रंगांधळेपणा तर नसेल, असा संशय उप्सालाचे प्राध्यापक होल्मग्रेन यांना आला. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी घेऊन एका रेल्वेच्या २६६ नोकरांची परीक्षा घेतली. तेरा जण रंगांधळे निघाले! त्या अपघाताचे खरे कारण तेच होते का, याविषयी अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तपासणीची प्रथा मात्र तिथून देशोदेशी पसरली.

आता आपल्या गावचा मुलगा रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीला जातो, तेव्हा काय होते? प्रथम सहा मीटरवरचा अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकून दुसऱ्याने वाचायचे. हा तक्ता १८६२ साली हॉलंडच्या स्नेलेन यांनी काढला. ६/१२ याचा अर्थ, निकोप डोळ्याला बारा मीटरवरून वाचता येते ते या डोळ्याला सहा मीटरवरून दिसते. इंजिन चालवण्याच्या जागेवर भरती होताना दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६ लागते.

नंतर ठिपक्यांचे पुस्तक येते. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी ते १९१७ साली प्रसिद्ध केले. निकोप डोळ्याला ठिपक्यांत आकडा दिसतो. रंगांधळ्याला वेगळाच दिसतो किंवा दिसतच नाही. उत्तर चटकन द्यायचे असते. काही जागांसाठी अंधाऱ्या खोलीत कंदिलाचे बारीक रंगीत दिवे दाखवून रंग विचारतात. यात दुखत-खुपत काही नाही. काही मुले आकडे पाठ करून जातात, म्हणे. पण पाने उलटसुलट दाखवता येतात, आणि कंदिलापुढे पाठांतर चालत नाही. शिवाय, बाबांनो, मागच्या डब्यांत बसलेली माणसे आपलीच असतात.

हा दोष बहुधा जन्मजात असतो. तो आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला मात्र बहुधा सगळे रंग नीट दिसतात. म्हणूनच तो पुरुषांत अधिक आढळतो. चष्म्याने नजर सुधारते, पण हा दोष जात नाही. त्यावर रूढ औषधही नाही. त्यात कोणाचा अपराध नाही, आणि बुद्धीशी तर त्याचा काडीचा संबंध नाही.

खरे दुःख पुढेच आहे. मुलगा दोन-दोन वर्षे अभ्यास करतो, लेखी परीक्षा पास होतो, घरात पेढे वाटले जातात. आणि तपासणीच्या दिवशी त्याला प्रथमच कळते की आपल्याला रंग दिसत नाहीत. हे शाळेतच कळले असते तर? गुरुजी, एखादा मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवतो, किंवा हिरव्या झाडावरची पिकलेली तांबडी मिरची त्याला सापडत नाही, तर त्याला वेंधळा म्हणू नका. एकदा नेत्रतज्ज्ञाला दाखवा, असे त्याच्या आईबापांना सांगा. रंगपरीक्षा न लागणाऱ्या नोकऱ्या रेल्वेतही आहेत आणि बाहेर तर कितीतरी. वेळेवर कळले, तर मुलगा आपली वाट आधीच निवडील. डाल्टन अणूचा सिद्धान्त मांडून गेला, तो याच डोळ्यांनी!