तुरुंगाचे द्वार आणि अपघात विभाग : अमेरिकेतील व्यसनोपचाराचा एक दुर्लक्षित दुवा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांचा मागोवा इंग्रिड बिन्सवँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि आपले निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांना असलेला मृत्यूचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या १२·७ पट होता. मादक द्रव्याच्या अतिमात्रेने मरण येण्याचा धोका तर १२९ पट होता. यामागील वैद्यकीय कारण गूढ नाही. अफूजन्य द्रव्य नित्य घेणाऱ्या शरीराची सहनशक्ती वाढत जाते; द्रव्य काही काळ बंद राहिले की ती ओसरते, ओढ मात्र ओसरत नाही. पूर्वी पचत असलेली मात्राच मग श्वास थांबविते. वैद्यकास हे दीर्घकाळ ठाऊक होते. असे असता नेमक्या त्या पंधरवड्यात वैद्य त्या माणसाजवळ का नव्हता, हा प्रश्न उरतो, आणि तो इतिहासाचा आहे.

१९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू व कोका यांच्या व्यापारावर कर व नोंदणी बसविली. १९१९ साली वेब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यसनी मनुष्याचे व्यसन केवळ चालू ठेवण्यासाठी डॉक्टरने औषध लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग होऊ शकत नाही. परिणामी व्यसनी मनुष्य वैद्याच्या हातून निसटून फौजदाराच्या हाती गेला. तुरुंग अशा लोकांनी भरू लागले, तेव्हा १९३५ साली केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे सरकारने एक विलक्षण संस्था उघडली. ती अर्धी रुग्णालय होती व अर्धी तुरुंग. लोक तिला ‘नार्कोटिक फार्म’ म्हणत. शिक्षा झालेले बंदी व स्वेच्छेने आलेले रुग्ण तेथे एकत्र राहत. मोकळी हवा, शेतकाम आणि द्रव्याची मात्रा हळूहळू उतरविणे, असा उपचारक्रम होता. (त्याच आवारातील संशोधन केंद्रात बंद्यांवर औषधांचे प्रयोगही झाले, आणि त्याचा मोबदला कधी मादक द्रव्याच्याच रूपाने दिला गेला, संस्थेच्या गौरवगाथेत ही बाजू सहसा येत नाही.) तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या रुग्णांची पाहणी १९६२ साली प्रसिद्ध झाली. दहांपैकी नऊंहून अधिक जण पुन्हा व्यसनाकडे वळले होते. या अपयशाचे खापर बहुधा रुग्णांच्या दुबळ्या मनावर फोडले गेले. उपचार दाराशी संपत होता, ही गोष्ट त्यामानाने कमी बोलली गेली.

ती ओळखणाऱ्यांत मारी निस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी लेक्झिंग्टन येथे स्वतः काम केले होते. व्हिन्सेंट डोल यांच्यासह त्यांनी १९६५ साली मेथाडोन या औषधाचा अनुभव मांडला. व्यसन हा दीर्घकाळ चालणारा विकार असून त्यावरील औषधही दीर्घकाळ द्यावे लागते, हा त्यांचा सिद्धांत. तुरुंगात असतानाच मेथाडोन सुरू करून मग बंद्यांना बाहेर सोडण्याच्या प्रयोगाचे वृत्त डोल यांनी १९६९ साली दिले. संख्या लहान होती; परंतु औषध न मिळालेले सोळाही जण सुटल्यावर पुन्हा हेरॉइनकडे गेले, हे त्यातून दिसले. इतका स्पष्ट निष्कर्ष हाती असूनही न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगात अशी योजना यावयास १९८७ साल उजाडले, आणि देशातील बहुतेक तुरुंगांनी त्यानंतरही कित्येक वर्षे तिचे अनुकरण केले नाही.

या दिरंगाईमागे कायद्याची एक चमत्कारिक रचना होती. १९६५ साली गरिबांसाठी मेडिकेड ही योजना निघाली. पण तिचा पैसा तुरुंगातील माणसावर खर्च करण्यास त्याच कायद्याने मनाई केली. १९७६ च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल या निकालाने बंद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य ठरविले. १९८६ च्या कायद्याने अपघात विभागात येणाऱ्या कोणासही, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे जवळजवळ सर्व रुग्णालयांस बंधनकारक केले. म्हणजे उपचार मिळण्याच्या हमीच्या जागा दोनच उरल्या : एक तुरुंग, दुसरी अपघात विभाग. या दोहोंमध्ये सुटकेचा दिवस पडतो, आणि त्या दिवसाची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

अपघात विभागाचे डॉक्टर या संशोधनात का शिरले, हे यावरून उमगते. श्वास थांबलेला मनुष्य त्यांच्याच दारी आणला जाई. शुद्धीवर येई आणि हाती एका दवाखान्याचा पत्ता घेऊन निघून जाई. येल विद्यापीठातील गेल डि’ओनोफ्रिओ व सहकाऱ्यांनी ३२९ रुग्णांचा अभ्यास करून २०१५ साली दाखविले की, अपघात विभागातच ब्यूप्रेनॉर्फिन सुरू केल्यास तीस दिवसांनी ७८ टक्के रुग्ण उपचारात टिकतात. केवळ पत्ता दिलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. तीस दिवस हा काळ अल्पच; परंतु सुटलेल्या बंद्याच्या बाबतीत पहिला पंधरवडाच निर्णायक असल्याने त्या आकड्याचे मोल वेगळे ठरते.

औषध मिळाले तरी ते कोणास मिळाले, हे पाहावेच लागते. मेथाडोनसाठी ठरावीक केंद्रावर बहुधा रोज हजेरी लावावी लागे. २००२ साली मान्यता मिळालेले ब्यूप्रेनॉर्फिन डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरी नेता येई; पण ते प्रामुख्याने गोऱ्या व पैसे मोजू शकणाऱ्या रुग्णांपर्यंत गेले. कृष्णवर्णीयांचे तुरुंगातील प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट आहे; आणि २०२० साली अतिमात्रेच्या मृत्यूंचा त्यांचा दरही गोऱ्यांच्या दरापुढे गेला.

ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ साली आपल्या तुरुंगांतून ही औषधे देण्यास व सुटकेनंतर ती चालू ठेवण्यास आरंभ केला. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात अतिमात्रेने मेलेल्या १७९ जणांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. पुढील वर्षी त्याच महिन्यांत १५७ पैकी ९ होते. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियास सुटकेपूर्वीच्या नव्वद दिवसांतील काही उपचारांवर मेडिकेडचा पैसा खर्च करण्याची अनुमती मिळाली. अशी अनुमती मिळालेले ते पहिले राज्य होय.