काकाजींचा प्रश्न

स्मरणिकेत पहिलं कोणावर लिहायचं, हे विचारलं तर सगळे म्हणाले, काकाजींवर.

काकाजी घुग्घुसच्या कोळसा खाणीत लागले तेव्हा खाणी खाजगी मालकांच्या होत्या. लोडरला टबावर मजुरी. १ मे १९७३ ला राष्ट्रीयीकरण झालं. नोकरी पक्की झाली, क्वार्टर मिळालं, तिन्ही मुलं शिकली. साठाव्या वर्षी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. "जन्म गेला इथं, पण घर आपलं नव्हतं," काकू म्हणायच्या.

असेच काही जण पी.एफ.चा पैसा घेऊन एकत्र आले, त्यातून आपली सोसायटी झाली. जागा बघताना आम्ही सगळे भाव विचारत होतो. काकाजींनी एकच विचारलं, "खाली जुनी खाण तर नाही ना बा?" नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यांनी ती स्वस्तातली जागा सोडायला लावली. काही जण तेव्हा रागावले. त्यात मीही होतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरची माणसं वेळीच बाहेर पडली, म्हणून वाचली. त्या रात्री आपल्या गेटपाशी सगळे जमले. काकाजी तोवर आपल्यात नव्हते. बोलणं मात्र त्यांचंच निघालं.

संध्याकाळी नातवंडांना घेऊन ते बसायचे, तो कडुनिंबाखालचा ओटा अजून आहे. तिथं आता आपली पोरं खेळतात.

काकाजींना सोसायटीतर्फे विनम्र अभिवादन.